एक्केचाळीस नंबरचा खण

१

सोमवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी व्याकरण कचेरीत सूनबाईने एक्केचाळीस नंबरचा खण ओढला आणि एवढ्या जोरात "अगं आई गं!" म्हणाली, की शेजारच्या खोलीत मॅडमच्या हातातला चहा बशीत सांडला.

खण रिकामा नव्हता, हीच तर खरी भानगड. रिकामा असता तर चोरी म्हणून मोकळं तरी होता आलं असतं. सहाशे बारा कार्डांपैकी दोनशे चार कार्डं शहाण्या मुलांसारखी ओळीत उभी होती आणि चारशे आठ गायब.

आता चार कार्डं इकडची तिकडे झाली म्हणून काय आभाळ कोसळलं, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. पण ही कचेरी गेली नऊ वर्षं एकच काम करत होती. मराठी वाचकांसाठी इंग्रजीचं मोठं व्याकरण, त्याची चौथी आवृत्ती. भिंतभर लाकडी कपाट, त्याला बेचाळीस खण, आणि खणाखणांत कार्डं. प्रत्येक कार्डावर कुठल्या तरी पुस्तकातून, पत्रातून, वर्तमानपत्रातून हाताने उतरवून घेतलेलं एकेक इंग्रजी वाक्य. दुसरी प्रत कशाचीच नाही. कार्ड गेलं की पुरावा गेला, आणि पुरावा गेला की प्रकरण कोसळलं.

कपाटाला किल्ल्या दोनच. एक मुख्य संपादकांकडे, म्हणजे मॅडमकडे. दुसरी काकूंच्या कमरेला; कपाट सकाळी त्याच उघडत, संध्याकाळी त्याच लावत. काकू एकतीस वर्षं ही कार्डं सांभाळत होत्या. महिनाअखेर त्या निवृत्त व्हायच्या होत्या, आणि पुस्तकाच्या पहिल्या पानावर, संपादकांच्या नावांखाली, आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं नाव छापून यायचं होतं.

"काकू," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज जरा जास्तच शांत होता, "बुधवारपर्यंत कार्डं मिळाली नाहीत तर मला वर कळवावं लागेल. मग पहिल्या पानाचं काही माझ्या हातात राहणार नाही. आणि किल्ली तुमच्याकडे होती, हे मला लिहावंच लागेल."

काकूंनी हात पुढे करून खणातल्या कार्डांवरून एकदा अंगठा फिरवला. मग पदर तोंडाला लावला आणि घरी निघून गेल्या.

२

घरी त्यांची नणंद होती. चौतीस वर्षं कोर्टात लघुलेखिका होती बाई. साक्षीदार बोलायचा आणि ही झरझर रेघोट्या ओढायची. अख्खं कोर्ट त्यांना शॉर्टहँडबाई म्हणायचं, मग आपणही तेच म्हणू. भाऊ गेल्यापासून, म्हणजे सहा वर्षं, नणंद-भावजय एकाच घरात राहत होत्या. भांडायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून एकमेकींशी भांडायच्या, पण अगदी अहो-जाहो करून.

वहिनींनी, म्हणजे आपल्या काकूंनी, हुंदक्यांमधून सगळं सांगितलं. शॉर्टहँडबाईंनी पदर खोचला. "उद्या मी येते तुमच्याबरोबर. बघते कोण तो दिवटा आहे ते."

"नको वन्सं. तुम्ही नका येऊ."

"का बरं?"

"उगाच तुम्हाला ताप."

एवढी रडणारी बाई मदत नको का म्हणते, हा प्रश्न खरं तर तेव्हाच पडायला हवा होता. पण घरच्या माणसाला कोण प्रश्न विचारतं? मंगळवारी सकाळी दहाच्या ठोक्याला शॉर्टहँडबाई कचेरीत हजर झाल्या.

मॅडमनी त्यांना नखशिखान्त न्याहाळलं. "तुम्ही पोलिसात होता?"

"छे हो. लोक बोलतात ते लिहून घ्यायचं, एवढंच माझं काम. पण लिहिता लिहिता, काय गाळतायत तेही कळायला लागतं."

मॅडमना हे पटलं की नुसतीच गंमत वाटली कोण जाणे, पण त्यांनी परवानगी दिली. आणि पहिलीच साक्ष घेताना शॉर्टहँडबाईंच्या डोक्याचा पार भुगा झाला.

साक्ष सूनबाईची. चार महिन्यांपूर्वी लागलेली तरुण संपादक. ज्या जुन्या प्राध्यापकांनी सर्वनामांचं प्रकरण आधीच्या तिन्ही आवृत्त्यांत लिहिलं होतं, त्यांचीच ही सून. म्हणून कचेरीत सगळ्यांची सूनबाई. आता तेच प्रकरण ती नव्याने लिहीत होती.

"हे बघा मावशी," ती म्हणाली, "इंग्रजीत 'दे' म्हणजे ते. अनेक जण. बरोबर?"

"बरोबर. शाळेत हेच घोकलंय."

"पण समजा, कुणीतरी दारात छत्री विसरून गेलं. बाई की बुवा, ठाऊक नाही. तर इंग्रज म्हणतो, 'समवन हॅज लेफ्ट देअर अम्ब्रेला.' माणूस एकच, पण 'देअर' म्हणजे 'त्यांची', शब्द अनेकांचा."

"एका छत्रीला मालक किती?"

"एकच!"

"मग आपलं साधं 'त्याची' म्हणायला काय धाड भरली?"

"तो नसून ती असली तर?"

शॉर्टहँडबाईंनी पेन्सिल कानाला खोचली. "आपणही म्हणतोच की, सासूबाई आल्या. त्या काय चार असतात? एकच पुरते."

सूनबाई हसली. "तो मान झाला, मावशी. इथे मानाचा काही संबंध नाही, माणूस कोण ते माहीत नाही एवढंच. मानाचं प्रकरण 'यू'चं झालं. तो पूर्वी अनेकांसाठी होता. मग मोठ्या माणसाला वापरायला लागले, आपल्या 'तुम्ही'सारखा. मग म्हणाले, कुणाचा रोष नको, सगळ्यांनाच तो म्हणा. त्यांचा जुना 'तू' होता 'दाऊ' म्हणून, तो बिचारा बसला घरी. आता नवऱ्याला 'यू', कुत्र्याला 'यू' आणि भरसभेलाही 'यू'."

"अरे देवा."

"आणि 'वुई' म्हणजे आम्ही. पण राजा एकटाच सिंहासनावर बसून स्वतःला 'वुई' म्हणायचा. आणि दवाखान्यात नर्स पेशंटला विचारते, 'हाऊ आर वुई टुडे?' म्हणजे आज आपण कसे आहोत? नर्स ठणठणीत असते, ताप पेशंटला असतो."

"म्हणजे आम्ही म्हणजे तुम्ही?"

"कधीकधी."

"थांब गं बाई, जरा पाणी दे."

वहीत आतापर्यंत सात प्रश्नचिन्हं झाली होती. पाणी पिऊन शॉर्टहँडबाई मुद्द्यावर आल्या. "गेलेली कार्डं कुठली?"

"एकाच माणसासाठी 'दे' वापरलेली. सगळीच्या सगळी, चारशे आठ. अनेकांची दोनशे चार, त्यांना कुणी हात लावलेला नाही."

"म्हणजे चोराने निवडून नेली. कुणाला हवी होती ती?"

सूनबाईचा चेहरा उतरला. "कुणाला नको होती, असं विचारा," ती हळूच म्हणाली, आणि दाराकडे बघून एकदम गप्प झाली. दारात काठी टेकून तिचे सासरे उभे होते.

३

"माझ्यावर संशय असेल तर तोंडावर विचारा," सर म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. सूनबाई मान खाली घालून निघून गेली.

वय अठ्ठ्याहत्तर, आवाज मात्र वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. "एका माणसाला 'दे' म्हणायचं? शुद्ध गाढवपणा! चाळीस वर्षं मी त्यावर लाल रेघ मारत आलो. किती पोरांचे गुण कापले असतील, मोजदाद नाही. आणि आता ही आमची सूनबाई म्हणते, इंग्रजच सहाशे वर्षं तसं लिहितायत. घरी जेवायला बसलो की हाच वाद. बायको म्हणते, तुम्ही दोघं ताटं घेऊन व्हरांड्यात जा."

"मग कार्डं नाहीशी झाली, हे तुमच्या पथ्यावरच पडलं."

"अहो, नाहीशी झाली हे मला ठाऊक कुठे होतं? मी शनिवारी आलो होतो. मॅडमकडून किल्ली घेतली आणि अकरा ते एक इथे बसून एक्केचाळीस नंबर पहिल्या कार्डापासून शेवटच्या कार्डापर्यंत वाचला. दोन तासांत जेमतेम दोनशे कार्डं झाली, भिंग लावून वाचतो मी. तर एकूण एक कार्ड अनेकांचं! माझ्या विरुद्ध एक म्हणून कार्ड नाही! घरी जाऊन बायकोला म्हटलं, बघ, आपली सून उगाच राईचा पर्वत करते. रविवारी दुपारी असा झोपलो म्हणता! किती वर्षांनी."

"आणि सोमवारी?"

"सोमवारी कळलं की मी चोर आहे."

शॉर्टहँडबाईंची पेन्सिल थांबली. खोटं बोलणारी माणसं त्यांनी पोत्याने ऐकली होती. खोटं बोलणारा स्वतःभोवती कुंपण घालतो, आणि हा म्हातारा तर स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेत होता, तोही खुशीत. ह्याने खण उघडला, ह्याचा फायदा होता, आणि तरीही ह्याने कार्डं नेली असं काही केल्या वाटेना. तिकडे सूनबाई काहीतरी गिळून बसली होती. आणि कपाटाला दोनच किल्ल्या. ह्या सगळ्याची मोट कशी बांधायची, काही सुचेना.

एवढं मात्र त्यांनी ठळक लिहिलं: शनिवारी अकराला कार्डं गेलेलीच होती.

४

त्यांनी स्वतः खण बाहेर काढला. कार्डं बाजूला ठेवून तळाशी हात फिरवला, तर बोटाला काहीतरी चिकटलं. कागदाचे तीन बारीकसे त्रिकोणी कपटे, नखाएवढे.

मॅडम ते बघून गोंधळल्या. "हे खणात कसे?"

"का? काय आहे हे?"

"कोपरे आहेत. आमची एक रीत आहे. कार्डावरचं वाक्य छपाईला गेलं की मी त्या कार्डाचा उजवा कोपरा कापते. कोपरा कापला की कार्डाचं काम संपलं. दर शुक्रवारी संध्याकाळी काकू सगळ्या खणांमधून अंगठा फिरवतात, कोपरा नसलेली कार्डं काढतात आणि कोठीतल्या पोत्यात टाकतात. महिन्याने कागद गिरणीची गाडी येते, पोती घेऊन जाते. आज चारला यायचीय. पण कात्री चालवते ती फक्त मी, आणि तीही माझ्या टेबलावर. कुणी कार्डाला कात्री लावली तर मी त्याला दारात उभं करणार नाही, हे सगळ्यांना माहीत आहे."

"एक्केचाळीसची कार्डं तुम्ही कापली होती?"

"एकसुद्धा नाही! ते प्रकरण अजून लिहून व्हायचंय."

"पोत्यात बघितलंत?"

"काल पहिलं ते केलं. सगळी कोपरा कापलेली. धड कोपऱ्याचं एक कार्ड त्यात नाही."

तेवढ्यात दाराशी वहिनी येऊन उभ्या राहिल्या. "मॅडम, आजची गाडी पुढच्या महिन्यावर ढकलता येईल का?"

"का?"

"काही नाही. पोती नीट बांधून झाली नाहीत."

"कमाल आहे, काकू! इथे आग लागलीय आणि तुम्हाला पोत्यांचं सुचतंय!"

वहिनी ओशाळल्या आणि आल्या पावली परत गेल्या. शॉर्टहँडबाईंनी सवयीने तेही लिहून घेतलं. भिंतीवर दीड वाजला होता.

५

सूनबाई आपल्या टेबलाशी डबा समोर घेऊन नुसतीच बसली होती. शॉर्टहँडबाईंनी तिच्यासमोर ते तीन कपटे ठेवले.

"सहाशे बारा कार्डं वाचून एकाची वेगळी, अनेकांची वेगळी करायला किती वेळ लागतो गं?"

"अकरा दिवस," सूनबाई बोलून गेली, आणि लगेच जीभ चावली.

"तुझे सासरे दोन तास होते. दोन तासांत दोनशे कार्डं वाचली त्यांनी. म्हणजे त्यांनी निवडलेली नाहीत. ज्याने कुणी नेली त्याला ती आयती निवडून मिळाली, खुणेसकट. खूण तू केलीस. खरं की नाही?"

पोरगी रडायलाच लागली. "मावशी, मॅडमना नका हो सांगू, मला काढून टाकतील. सगळी कार्डं एकात एक मिसळलेली होती. लिहिताना दर वेळी नव्याने वाचावी लागायची. म्हणून एकाच माणसाची जी होती ना, त्यांचे कोपरे कापले मी. घरून कात्री आणून. शुक्रवारी दुपारी संपलं काम."

"आणि कोपरा कापलेलं कार्ड पोत्यात जातं, हे तुला ठाऊक नव्हतं?"

"होतं ना! म्हणून तर काकूंना चिठ्ठी लिहिली. मॅडमच्या देखत बोलता येईना, म्हणून घडी करून हातात दिली. संध्याकाळी निघताना विचारलंसुद्धा, काकू, चिठ्ठी वाचलीत ना? त्या म्हणाल्या, वाचली गं, ठीक आहे, तू जा."

"मग काल का तोंडाला कुलूप लावलंस?"

"मला वाटलं काकू मला सांभाळून घेतायत. त्यांनी सगळं माझ्यासाठी गिळलं आणि मीच तोंड उघडलं तर... आणि मला वाटलं, बाबांनीच..." तिने डोळे पुसले. "शनिवारी ते इतके खुशीत होते, मावशी. आयुष्यात पहिल्यांदा मला म्हणाले, ये, शेजारी बस जेवायला. मी कशी बोलणार होते?"

शॉर्टहँडबाईंनी वही मिटली. शुक्रवारी दुपारी कार्डं होती. शनिवारी अकराला नव्हती. मधे शुक्रवारची संध्याकाळ, आणि त्या संध्याकाळी कपाटावरून फिरणारा अंगठा एकच. चिठ्ठी मिळाली होती. वाचली, असं सांगितलंही होतं. मग वाचूनसुद्धा वहिनींनी ती चारशे कार्डं पोत्यात का घातली?

एकतीस वर्षं कार्डाला जिवापाड जपणारी बाई असं मुद्दाम करणार नाही. आणि मुद्दाम नाही तर मग काय? घरातल्या बारीकसारीक गोष्टी एकेक करून त्यांच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. वर्तमानपत्र हल्ली वहिनी त्यांच्याकडूनच वाचून घ्यायच्या, 'तुमचा आवाज छान आहे' म्हणून. सुईत दोरा ओवायला द्यायच्या. रस्त्यात ओळखीचं कुणी भेटलं तर समोरचा बोलेपर्यंत नुसत्या हसत राहायच्या. शॉर्टहँडबाईंना वाटायचं, वहिनींना शिष्टपणा आलाय.

त्या खुर्चीतून उठल्या आणि कोठीकडे निघाल्या.

६

वहिनी कोठीत होत्या, पोत्यांपाशी स्टुलावर बसलेल्या. चार पोती, चारही घट्ट बांधलेली.

"वहिनी, सूनबाईने शुक्रवारी चिठ्ठी दिली होती ना? आहे का हो?"

"आहे की." वहिनींनी पर्स उघडली, आत हात घालून घडी बाहेर काढली.

"जरा वाचून दाखवता? माझा चष्मा वरती राहिला."

चष्मा कपाळावर होता. वहिनींना तो दिसला नाही, तिथेच खरं तर सगळं संपलं होतं. पण शॉर्टहँडबाईंना वाटलं, देवा, माझं चुकू दे. एकदा तरी चुकू दे.

वहिनींनी कागद उलगडला. जरा कडेला धरला, मान तिरकी केली आणि स्वच्छ आवाजात वाचायला लागल्या. "काकू, तुमची फार मदत झाली. तुम्ही जाणार म्हणून वाईट वाटतं. तुमच्यासारखं काम कुणाला जमणार नाही. तुमचे खूप आभार. आशीर्वाद असू द्या."

कागदावर तीनच ओळी होत्या. 'काकू, ४१ मधली कापलेली कार्डं वापरलेली नाहीत, खुणेसाठी मीच कापली आहेत. कृपा करून ती हलवू नका. मॅडमना सांगू नका.'

शॉर्टहँडबाईंनी आयुष्यात असंख्य साक्षी घेतल्या, पण अशी नव्हती घेतली. त्यांनी वहिनींच्या हातातून कागद काढून घेतला आणि तिथेच, पोत्यावर बसल्या.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"दोन वर्षं होतील," वहिनी म्हणाल्या. "कडेकडेचं दिसतं, म्हणून चालता येतं. मधलं सगळं पुसलेलं. अक्षरं नाहीत, चेहरे नाहीत. डोळ्याचा पडदा खराब झालाय, परत यायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले. अंगठ्याने भागत होतं, वन्सं. खण मोजून उघडायचा, कोपरा चाचपायचा. दोन वर्षांत एक चूक नाही झाली. मागितलेलं कार्ड शोधायला कुणाला तरी बरोबर घ्यायचे, म्हणायचे, शिकून घे, मी आता जाणार."

"आणि शुक्रवारी?"

"एक्केचाळीसमध्ये कोपरे लागले हाताला. मला वाटलं, मॅडमनी कापायला घेतलं असेल. काल आरडाओरडा झाला तेव्हा वाटलं, हीच ती. पण मॅडम म्हणाल्या, मी कापलीच नाहीत. मग वाटलं, नसतील ती. रात्रभर तेच घोळत होतं. सकाळी येऊन पोतं उघडलं, हात घातला... पण कुठलं कार्ड कुठलं, हे मला कोण सांगणार? आणि कुणाला विचारू? विचारलं की संपलं."

"मला विचारायचं ना!"

वहिनी पोत्याची गाठ चाचपत राहिल्या. पावणेतीन झाले होते.

७

आता मोठा पेच होता. पोतं उघडून कार्डं काढता आली असती, आणि 'चुकून गेली' म्हणून मिटवताही आलं असतं. पण कोपरे कुणी कापले, हे सांगितलं की सूनबाई जाणार. नाही सांगितलं तर म्हाताऱ्या सरांच्या कपाळावरचा डाग तसाच राहणार. आणि चिठ्ठीचा विषय निघाला, की वहिनींनी वाचून का ऐकलं नाही, हा प्रश्न येणारच. शॉर्टहँडबाईंनी मनातल्या मनात तीन-चार खोट्या गोष्टी रचून पाहिल्या. एकही उभी राहीना.

"मी सांगते," वहिनी उठल्या. "माझं मी सांगते. तुम्ही फक्त पोती वर न्यायला हात लावा."

मॅडमच्या खोलीत चौघं होती: मॅडम, सर, सूनबाई आणि नुकत्याच आत गेलेल्या वहिनी. शॉर्टहँडबाई दारातच थांबल्या. वहिनींनी इकडचं तिकडचं काही लावलं नाही. "मॅडम, कार्डं मी पोत्यात घातली. मला दिसत नाही. दोन वर्षं झाली, मी तुमच्यापासून लपवलं. कोपरे पोरीने कापले ते चांगल्या हेतूने, आणि तिने मला लिहून दिलं होतं. मला वाचता आलं नाही आणि वाचली म्हणून मी खोटं सांगितलं. सरांचा काडीचा संबंध नाही."

मग सूनबाई हमसून हमसून रडायला लागली, आणि सरांनी, ज्यांनी तिला घरात कधी पाण्याचा ग्लास पुढे केला नव्हता, तिच्या डोक्यावर हात ठेवला.

चार वाजता गाडी आली तेव्हा चारही पोती मॅडमच्या खोलीत जमिनीवर ओतलेली होती. गाडीवाल्याला रिकाम्या हाताने परत पाठवलं. पाच माणसं जमिनीवर मांडी घालून बसली होती, आणि त्यांतली चार जणं वाचत होती. 'कुणीतरी छत्री विसरलं' इकडे. बाकीच्या खणांतलं 'मुलं घरी गेली' तिकडे. सर भिंग लावून प्रत्येक कार्ड स्वतः तपासत होते. तीनशे ऐंशी झाली, चारशे झाली. दर कार्डागणिक म्हातारा बारीक होत चालला होता.

"चारशे आठ," ते शेवटी म्हणाले. "सहाशे वर्षांतली. एवढे सगळे चुकले, असं म्हणायला मला आता तोंड नाही. शनिवारचं सुख तेवढं माझं होतं." मग सुनेकडे बघून म्हणाले, "लिही तुझं प्रकरण. पण माझ्या लाल रेघांबद्दल एक ओळ टाक त्यात. कुणीतरी चाळीस वर्षं मारल्या, म्हणून."

मॅडम खिडकीशी उभ्या होत्या. त्यांनी सूनबाईला एवढंच सांगितलं की घरची कात्री घरी राहू दे. मग त्या वहिनींसमोर येऊन खाली बसल्या. "काकू, पहिल्या पानावर नाव राहील. ते तुमचंच आहे. पण कपाट आता उद्यापासून मला तुमच्या हातात ठेवता येणार नाही."

"ठाऊक आहे," वहिनी म्हणाल्या. त्यांनी कमरेची किल्ली सोडली. अंगठ्याने तिचे दात एकदा चाचपले आणि मॅडमच्या तळहातावर ठेवली. मॅडमनाच रडू फुटलं.

दोघी घरी निघाल्या. ऊन उतरलं होतं, रस्त्यात शाळा सुटलेली पोरं होती. शॉर्टहँडबाईंच्या मनात राग आणि माया ह्यांची नुसती झटापट चालली होती.

"एका घरात राहून दोन वर्षं मला कळू दिलं नाहीत," त्या शेवटी फुटल्याच. "मी काय परकी होते?"

"सांगितलं असतं तर तुम्ही माझ्या हातातलं सगळं काढून घेतलं असतंत. चहासुद्धा करू दिला नसतात. कचेरीत तर पाऊल टाकू दिलं नसतंत."

शॉर्टहँडबाईंना नाही म्हणायचं होतं. पण चौतीस वर्षं शपथेवरचं लिहून घेतलेली बाई ती. "हो," त्या म्हणाल्या. "घेतलं असतं."

फाटकाशी वहिनी थांबल्या. वळून त्यांनी मान जराशी तिरकी केली, मग पुन्हा सरळ केली, जसं काही कुठल्या तरी कडेने का होईना, समोरचं माणूस सापडेल. मग दोन्ही हात पुढे केले आणि नणंदेच्या कपाळावरून, गालांवरून, हनुवटीवरून हळूहळू बोटं फिरवली. आयुष्यात कधी त्यांनी असं केलं नव्हतं.

"दोन वर्षं झाली तुझा चेहरा बघून," त्या म्हणाल्या. "कशी दिसतेस गं आता?"

"म्हातारी झालेय," शॉर्टहँडबाई म्हणाल्या आणि रस्त्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, लहान मुलीसारख्या रडल्या.